फरशीवरची पांढरी कमान

विरार स्थानकावर उतरून आगाशीच्या श्री मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनास निघालेला श्रावक बोळिंज ओलांडूनच पुढे जातो. रस्त्याच्या कडेने आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तरीही आतल्या आळ्यांत अंगण आणि विहीर राखून असलेली जुनी घरे अजून दिसतात. अशा घराच्या बाजूस पूर्वी बैलगाडीसाठी आणि आता मोटारीसाठी एक खोली असते. तिला दोन झडपांचे लाकडी दार असते, आणि ते दार बहुधा खाली आलेले असते.

खाली आलेले दार आपली खूण स्वतःच सोडते. मोकळ्या बाजूचा खालचा कोपरा फरशीवर घासत जातो आणि तेथे पांढरी कमान उमटते. उन्हाळ्यात हा केवळ गैरसोयीचा विषय वाटतो. पावसाळ्यात मात्र त्याच कमानीत गोगलगायी, गांडुळे, वाणी आणि मुंग्यांच्या रांगा येतात, आणि दार ओढताना त्यांचे काय होते हे ओढणाऱ्यास दिसतही नाही. जाता-येता पायाखाली पाहणाऱ्या घरानेही दाराखाली पाहिलेले नसते. म्हणून आषाढ शुद्ध चतुर्दशीपूर्वी, चातुर्मासाच्या तयारीतच, हे काम उरकून घ्यावे.

दार खाली येण्याची कारणे दोन, आणि त्यांची गल्लत झाली की श्रम वाया जातात. झडपेचे दोन्ही कर्ण दोरीने मोजावेत. ते समान भरले तर झडप गुण्यात आहे. दोष बिजागरीचा किंवा चौकटीचा. वरच्या बिजागरीपासून खालच्या मोकळ्या कोपऱ्यापर्यंतचा कर्ण अधिक भरला, तर झडपेचे सांधेच ढिले होऊन आयताचा तिरपा चौकोन झाला आहे असे समजावे. पुष्कळ जण येथे घाई करून खालची कड रंध्याने तासतात. दार तेवढ्यापुरते सुटते. पण मूळ दोष तसाच राहून वर्षभरात ते पुन्हा टेकते.

हत्यार हाती घेण्यापूर्वी झडपेची पाहणी करावी. बिजागरीच्या खाचेत कुंभारीण माशीचे मातीचे घर असते, वरच्या फटीत पाल असते, कधी कौलाखाली चिमणीचे घरटे असते. घरट्यात अंडी किंवा पिले असतील तर काम काही आठवडे पुढे ढकलावे. इतकी वर्षे घासलेले दार आणखी थोडे थांबू शकते. मुंग्या मऊ पिंछीने किंवा पूंजणीने अलगद बाजूस कराव्यात. ही जयणा कामाच्या आधीची आहे, कामानंतरची नव्हे.

आता दुरुस्ती. झडपेचे वजन बिजागऱ्यांवर ठेवून स्क्रू काढणे धोक्याचे. एका माणसाने धरावे आणि खाली लाकडी पाचरी सारून झडप योग्य उंचीवर टेकवावी. मुलांना दूर ठेवावे. अर्णाळ्याकडून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याने साध्या लोखंडी स्क्रूंना गंज चढतो आणि त्यांच्या भोवतीचे लाकूड भुसभुशीत होते. अशा भोकात बांबूच्या काड्या डिंकासह ठोकून, सुकल्यावर कड सपाट कापावी आणि पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे लांब स्क्रू बसवावेत.

या डिंकाची गोष्टही सांगण्याजोगी आहे. पूर्वी सुतार हाडे व कातडी उकळून केलेला सरस वापरीत, आणि अहिंसाधर्मी घरांतील देव्हारेही त्याच सरसाने जोडले जात. 1959 मध्ये महुव्याच्या बळवंतराय पारेख यांच्या उद्योगाने फेव्हिकॉल बाजारात आणला आणि कृत्रिम राळेचा पांढरा डिंक सुताराच्या हाती रुळला. सोयीसाठी आलेल्या वस्तूने एक हिंसा नकळत कमी केली.

झडपच वाकडी झाली असेल तर तिरपी पट्टी लागते, आणि तिची दिशा महत्त्वाची. लाकडी पट्टी दाब सोसते. म्हणून ती खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जावी. तार ताण सोसते. ती नेमकी उलट, वरच्या बिजागरीपासून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे. तारेच्या मध्ये टर्नबकल घालतात. त्याच्या दोन टोकांचे आटे परस्परविरुद्ध असल्याने मधली चौकट फिरवली की दोन्ही बाजू एकदमच आवळल्या जातात आणि लोंबलेला कोपरा हळूहळू वर येतो. एकदम जोर लावू नये. अर्धा फेरा देऊन कर्ण पुन्हा मोजावा.

पत्र्याच्या गुंडाळत्या शटरला मात्र हे लागू नाही. त्याच्या आतील स्प्रिंग ताणलेली असते आणि सुटल्यास हात मोडू शकते. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

उन्हाळ्यात सुकलेले लाकूड पावसात फुगते, म्हणून दोन झडपांमध्ये आणि चौकटीलगत 4-5 मिलिमीटर फट मोकळी ठेवावी. फरशीपासून झडप बोटभर वर राहिली, तर मुंग्यांची रांग तिच्या खालून सरळ निघून जाते. पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांनी टर्नबकल एकदा पाहावे. नवी तार थोडी सैल झालेली असते.