सेन्सर बदलण्याआधी वायर तपासा
डॅशबोर्डावर इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि स्कॅनरने पी०१३५ हा कोड दाखवला, की ऑक्सिजन सेन्सर बदलायचा असा सर्रास समज आहे. पण हा कोड सेन्सरच्या हीटरचे सर्किट बिघडल्याचे सांगतो, आणि त्या सर्किटात फ्यूज, वायर, कनेक्टर हे सगळेच येते. कनेक्टर पाण्यानेही बिघडतो: जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुराने बदलापूर परिसर बुडाला होता. अशा पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या खालच्या कनेक्टरांत पिना गंजू शकतात. म्हणून आधी फ्यूज पाहावा, मग चावी फिरवून कनेक्टरवर सुमारे १२ व्होल्ट येतात का ते मोजावे. हा आकडा फसवाही असतो: गंजक्या वायरीतूनही मीटरपुरता व्होल्टेज दिसतो, त्यामुळे छोटा बल्ब जोडून तो लख्ख पेटतो का पाहणे बरे. बल्ब पेटत असेल, पण सेन्सरमधला हीटर आतून तुटल्याचे मीटर दाखवत असेल, तर सेन्सर खरोखरच गेला.

‘नवा सेन्सर घातल्यावर दिवा विझतो, मग एवढी उठाठेव कशाला?’ असे कोणी म्हणेल. विझतो खरा, पण नव्या सेन्सरबरोबर अर्धा कनेक्टरही नवा येतो, आणि उघडझाकीत उरलेल्या पिनांवरचा गंजही थोडा खरवडला जातो. गुण कशाचा आला, हे मोजल्याशिवाय ठरत नाही. शिवाय गंज वायरीत असेल, तर तोच कोड पुन्हा येतो.