बर्फावरची गाडी वळते कशी?
मैत्रिणींनो, बोअर मारताना खडक फोडणाऱ्या बिटावरची बटणं टंगस्टन कार्बाइडची असतात. तेच कार्बाइड कॅनडात बर्फावर धावणारी स्नोमोबाईल वळवायला कसं मदत करतं, ते आज आम्ही सांगतो.

या गाडीला पुढे दोन स्की आणि मागे फिरता पट्टा असतो. स्कीखालच्या पोलादी पट्टीत कार्बाइडची धार बसवतात. ती टणक बर्फात रुतते, म्हणून गाडी वळते. धार बोथट झाली, तर हँडल फिरवूनही गाडी सरळ झाडावर जाऊ शकते.

मग लांबच लांब धार घ्यावी? तसं नाही. हँडल जड होतं, हात भरून येतात. पण मागच्या पट्ट्याला खिळे असतील, तर पुढची पकडही वाढवावी लागते. नाहीतर मागचा जोर गाडीला सरळ रेटतो. दगडा-डांबरावर धार लवकर झिजते.

आपल्या विळ्यासारखंच आहे: धार कामापुरती हवी, आणि निघण्याआधी पाहून घ्यायला हवी.