कंपवाताच्या रुग्णाला दिसणारी मुले

नाशिक रोडला आमच्या माहितीचे एक घर आहे. घरातील कर्ते गृहस्थ छापखान्यातून निवृत्त झालेले. बारा वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरू लागला आणि कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार निघाला. गोळ्यांवर बरीच वर्षे बरी गेली. गेल्या पावसाळ्यात मात्र रोज तिन्हीसांजेला त्यांना कपाटाशेजारी दोन लहान मुले बसलेली दिसू लागली. मुले बोलत नसत, नुसती बघत. ते सुनेला म्हणत, "सूनबाई, त्या पोरांना बिस्कीट तरी दे."

आधी घरात सगळे हसले. पुढे हसण्यासारखे राहिले नाही. चाळीस वर्षे सोबत संसार केलेल्या पत्नीवर ते संशय घेऊ लागले. रात्री दाराला कडी घालून पहारा देत बसू लागले. बाईंनी ही गोष्ट ना लेकीला सांगितली, ना डॉक्टरांना. "या वयात हे कोणत्या तोंडाने सांगू?" असे त्या आमच्याजवळ म्हणाल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

एका नातेवाईकाने भगताचे नाव सुचविले. ज्या घराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आहेत तिथे हा विषय निघावा, याचे आम्हांला वाईट वाटले. पण त्यांना दोष द्यावासा वाटला नाही. माणूस घाबरला होता. सुदैवाने थोरल्या मुलाने ते होऊ दिले नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हेही त्याने नातेवाईकाला ऐकविले.

मग हे होते तरी काय? १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी या आजाराचे पहिले नीट वर्णन लिहिले. त्यात रुग्णाची बुद्धी शाबूत राहते असे त्यांनी म्हटले होते. तो समज फार काळ टिकला. आज डॉक्टर जाणतात की आजार जुना होत गेला की सुमारे निम्म्या रुग्णांना कधी ना कधी नसलेले दिसते किंवा खोटे संशय येतात. मेंदूच्या खोल भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजतात, म्हणून अंग आखडते. लेव्होडोपाची गोळी ती उणीव भरून काढते. पण पुढे मेंदूचे इतर भागही आजारात ओढले जातात, आणि जी गोळी हातपाय चालविते तीच काही वेळा डोळ्यांपुढे नसलेली माणसे उभी करते. पत्नीवरचा संशय हासुद्धा या आजारात ठरून गेलेला प्रकार आहे. त्यात त्या माउलीच्या वागण्याचा काडीचा संबंध नाही.

उदासपणा आणि धास्ती तर थरथर सुरू होण्याच्या कितीतरी आधीही येऊ शकते. प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल यांसारख्या गोळ्यांनी काहींना जुगाराचा, लॉटरीचा अनावर नाद लागतो. निवृत्तीचे पैसे घरात असतील तर घरच्यांनी याकडे लक्ष ठेवावे.

या घरात एक चूक झाली, ती सांगणे आम्हांला जरुरीचे वाटते. एका रात्री आरडाओरडा वाढला म्हणून त्यांना जवळच्या खाजगी दवाखान्यात नेले. तिथे शांत होण्यासाठी हॅलोपेरिडॉलचे इंजेक्शन दिले गेले. इतर रुग्णांना उपयोगी पडणारे हे औषध कंपवाताच्या रुग्णाला लाकडासारखे ताठ करते. चार दिवस त्यांना घास गिळता आला नाही. उलटी थांबविणारे मेटोक्लोप्रमाईडही याच कारणाने टाळावे लागते. कुठेही नेले तरी "यांना पार्किन्सन आहे" हे पहिले वाक्य असावे.

दुसरी चूक व्हायची थोडक्यात वाचली. गोळ्यांमुळेच होते ना, मग त्या बंद करू, असे धाकट्याला वाटले. लेव्होडोपा एकदम बंद केली तर अंग ताठते, ताप चढतो, जिवावर बेतते. कोणती गोळी आधी कमी करायची ते मेंदूविकार तज्ज्ञाने ठरवायचे. त्यांनी आधी लघवी तपासली. त्रास अचानक वाढला की जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, पाणी कमी पडणे हे आधी पाहतात. मग म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात टाकणारी ट्रायहेक्सिफेनिडिल हळूहळू काढली आणि रात्री क्वेटियापिनची लहान मात्रा सुरू केली. याने भागले नाही तर क्लोझापिन असते, पण त्यासाठी वरचेवर रक्त तपासावे लागते.

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर मराठीत फुकट बोलता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सन आहे, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. पुण्यात रुग्ण व घरच्यांचे पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे.

बाई आता वही ठेवतात. गोळी किती वाजता दिली, मुले कधी दिसली, रात्री झोप किती, सगळे नातीकडून लिहून घेतात आणि संशयाची गोष्टही त्यांनी डॉक्टरांना सांगितली. कपाटाजवळ संध्याकाळी दिवा लावतात, खुंटीवरचे कपडे काढून ठेवले आहेत. मुले कधीमधी अजून येतात. "मला नाही दिसत हो, पण मी इथंच बसलेय," असे म्हणून बाई त्यांचा हात धरतात. परवा आम्ही गेलो तेव्हा तेच म्हणाले, "आज पोरं आली नाहीत."