दशावतार गाणारा ‘लोहनाद’
मुंबईच्या ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ची उपेक्षित वाटचाल

‘हेवी मेटल’ म्हणजे निव्वळ गोंगाट, असा समज आपल्याकडे रूढ आहे. त्यामुळे या संगीतप्रकारात युरोपात दाद मिळवणारा एक वाद्यवृंद मुंबईचा आहे, याची फारशी नोंद मराठी रसिकांनी घेतलेली नाही. ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ हे त्याचे नाव.

या संगीताचा उगम इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातला. तेथील ‘ब्लॅक सॅबथ’चा गिटारवादक टोनी आयोमी याच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील अपघातात तुटली. बोटांवरचा ताण कमी व्हावा म्हणून त्याने पुढे गिटारच्या तारा सैल केल्या आणि त्यातूनच एक जड, गंभीर नाद घडत गेला. १९७० मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ची पहिली ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली.

मुंबईत साहिल मखिजा या तरुणाने २००० साली ‘डेमॉनिक रेझरेक्शन’ची स्थापना केली. घशातून काढलेला खर्जातला आवाज, ड्रम्सचा अतिजलद ठेका आणि त्यावर कीबोर्डच्या भारदस्त सुरावटी ही त्यांची शैली. कीबोर्डची बाजू मिहिर भेंडे यांनी दीर्घकाळ सांभाळली. ‘अ डार्कनेस डिसेंड्स’ (२००५) नंतर २०१० मध्ये ‘द रिटर्न टु डार्कनेस’ आली आणि ‘कँडललाइट’ या ब्रिटिश कंपनीने ती युरोपात पोहोचवली. त्याच वर्षी ‘मेटल हॅमर’ या ब्रिटिश मासिकाचा ‘ग्लोबल मेटल’ पुरस्कार त्यांना मिळाला. २०१४ मध्ये जर्मनीतील प्रख्यात वाकेन महोत्सवातही त्यांनी हजेरी लावली.

२०१७ ची ‘दशावतार’ ही ध्वनिमुद्रिका मात्र अस्सल इथल्या मातीतली. मत्स्यापासून कल्कीपर्यंत प्रत्येक अवताराचे स्वतंत्र गीत त्यात आहे. कोकणातील दशावतारी खेळ रात्रभर जागून पाहणाऱ्याला हा विषय परका वाटू नये.

एवढे होऊनही हा वाद्यवृंद मूठभर चाहत्यांपुरताच का राहिला? त्याचे उत्तर रंगमंचाच्या अर्थकारणात आहे. नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. तेथे जनावरांच्या बाजाराबरोबर तमाशा आणि लावणीही रंगते. अशा यात्राजत्रांच्या साखळीवरच तमाशाचे फड वर्षाचा खर्च भागवतात. युरोपातील मेटल वाद्यवृंदांना उन्हाळी महोत्सव हाच आधार देतात. भारतात तशी साखळी उभी राहिली नाही. मुंबईच्या धोबी तलावाजवळील रंगभवन हे १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाचे माहेरघर होते. रुग्णालय आणि महाविद्यालय शेजारी असल्याने शांतता क्षेत्राचे निर्बंध आले आणि २००० नंतरच्या काही वर्षांतच ते खुले व्यासपीठ हातचे गेले. रुग्णांची शांतता महत्त्वाची, यात शंका नाही. परंतु पर्यायी जागा देण्याची निकड कोणाला वाटली नाही.

मग कलावंतांनीच वाटा शोधल्या. मखिजा यांनी ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ ही स्वतःची कंपनी काढली, शिवाय ‘हेडबँगर्स किचन’ या पाककृतींच्या ध्वनिचित्रमालिकेतून वेगळा प्रेक्षकवर्ग मिळवला. २०२३ मध्ये ‘द प्रोपगंडा मशीन’ ही त्यांची एकल ध्वनिमुद्रिका आली.

तमाशाच्या फडाला यात्रा हवी, तसा मेटललाही मंच हवा. गुणवत्ता इथली आणि दाद मात्र परदेशातली, हे चित्र पालटायचे असेल तर शहरांनी आधी अशी एखादी जागा राखून ठेवावी लागेल.