बॅकअप आहे हो, पण उघडून बघितलाय का?

एक सोप्पा प्रश्न. तुमच्या लॅपटॉपचा बॅकअप आहे? ‘म्हणजे काय, आहे ना!’ ओके. आता दुसरा प्रश्न. त्या बॅकअपमधली एखादी फाइल तुम्ही शेवटची कधी उघडून पाहिलीत?

झालात ना गप्प? मीही अशीच गप्प झाले होते. फक्त माझ्या बाबतीत तोवर उशीर झाला होता.

माझा रविवार ठरलेला. सकाळी ग्रुपबरोबर मिसळ, दुपारी ताणून झोप आणि संध्याकाळी बॅकअप. डेस्कटॉपवरचं ‘काम’ नावाचं फोल्डर उचलायचं आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर टाकायचं. पाच सेकंदांत काम फत्ते! तीन वर्षांचं काम पाच सेकंदांत कॉपी होतं, इथेच खरं तर डोक्यात ट्यूब पेटायला हवी होती. पण नाही पेटली.

मागच्या पावसाळ्यात लॅपटॉपच्या डिस्कने मान टाकली. रिपेअरवाल्याने चेहरा पाडून सांगितलं, ‘मॅडम, डेटा गेला.’ मी मात्र एकदम कूल. घरी आले, जुन्या पीसीला हार्ड डिस्क जोडली. फोल्डर जागेवर होतं. आत सगळी नावंही ओळीने होती. प्रत्येकाची साइज मात्र जेमतेम १ केबी आणि प्रत्येक आयकॉनच्या कोपऱ्यात एक छोटासा बाण. शॉर्टकट्स! खरा माल डी ड्राइव्हवर होता आणि मी दर रविवारी इमानेइतबारे त्याचा नुसता पत्ता कॉपी करत होते. घर पडलं आणि हातात उरला पत्ता.

गेलेल्या फाइल्समध्ये एक रेकॉर्डिंग होतं. ४ ऑगस्ट २०१९ ला गोदावरीला मोठा पूर आला, तेव्हा मी मास कॉमला होते. प्रोजेक्टसाठी सराफ बाजारातल्या एका वयस्कर दुकानदार काकांशी बोलले होते. चांगली ५२ मिनिटं! पूर किती मोठा, हे आपण नाशिककर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं त्यावरून ठरवतो, तसंच काकांचंही चाललं होतं. २००८ च्या पुरात त्यांनी हिशेबाच्या वह्या वेळेत माळ्यावर नेल्या होत्या. पाणी ओसरलं, वह्या वाचल्या म्हणून सगळे खूश. दिवाळीत ट्रंक उघडली, तर वरून कौल गळून निम्म्या वह्यांचा लगदा झालेला. तेव्हापासून दर पावसाळ्यात ते ट्रंक उघडून एकेक वही चाळायचे.

काका आता नाहीत. त्यांच्या मुलीचा फोन आला, ‘बाबांचा आवाज आहे ना गं तुझ्याकडे?’ मी ‘हो’ म्हणाले आणि मग हार्ड डिस्क जोडली. वर सांगितलेला प्रसंग त्या संध्याकाळचा.

घानाची लाइट गेली म्हणून...

हा वेंधळेपणा फक्त माझाच, असं समजू नका. भल्याभल्यांची हीच गत झालीय. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरमधून जगभर सुटला. मर्स्क ही जहाज वाहतुकीतली बडी कंपनी त्यात आडवी झाली. आपल्या नाशिकची द्राक्षं ज्या बंदरातून परदेशी जातात, त्या न्हावाशेवाच्या जेएनपीटीतलं मर्स्क ग्रुपचं टर्मिनलही त्या तडाख्यातून सुटलं नाही.

मर्स्ककडे बॅकअप नव्हता असं नाही. पण अख्ख्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे आणि कुणाला कुठे एन्ट्री, हे ठरवणारे जे दीडशेच्या आसपास सर्व्हर होते, ते एकमेकांचेच बॅकअप होते. एक गेला तर दुसरा आहेच की! सगळे एकाच वेळी जातील, हा विचारच कुणी केला नव्हता. अन् नेमके सगळेच गेले. वाचला फक्त एक, घानामधला. का, तर हल्ल्याच्या वेळी तिथली लाइट गेली होती! लोडशेडिंगला आयुष्यभर शिव्या घातलेल्या आपल्यासारख्यांनी काय बोलावं? तिथलं नेट इतकं स्लो, की डेटा पाठवणं शक्य नव्हतं. शेवटी एक माणूस हार्ड डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला, तिथे ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो ती घेऊन इंग्लंडला पोहोचला. त्यानंतर ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार पीसी दहा दिवसांत नव्याने उभे केले गेले.

त्याच वर्षी ३१ जानेवारीला गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या इंजिनीअरने चुकून भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस डिलीट केला. ३०० जीबीतले उरले साडेचार. बॅकअपच्या एक-दोन नाही, पाच पद्धती होत्या. ऐन वेळी एकही धड कामाला आली नाही. रोजचा बॅकअप तर व्हर्जन न जुळल्यामुळे कधीचा गुपचूप फेल होत होता आणि ‘फेल झालो’ सांगणारे ईमेल कुणापर्यंत पोहोचतच नव्हते. सहा तासांपूर्वी एकाने वेगळ्याच कामासाठी कॉपी काढून ठेवली होती, तिने लाज राखली. ते सहा तास मात्र गेले ते गेलेच.

थोडक्यात काय, बॅकअप घेणं म्हणजे निम्मंच काम. तो परत आणता येतो का, हे बघितल्याशिवाय त्याला बॅकअप म्हणायचंच नाही.

हे करून बघाच!

* आधी साइज बघा. मूळ फोल्डर आणि कॉपी, दोन्हींवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. फाइल्सची संख्या आणि जीबी जुळायलाच हवेत. (माझं एवढ्यावरच भागलं असतं!)
* महिन्यातून एकदा कुठल्याही पाच फाइल्स उघडा, त्याही दुसऱ्या मशीनवर. फोटो पूर्ण दिसतो? रेकॉर्डिंग शेवटपर्यंत वाजतं?
* सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. लॅपटॉपवर फाइल डिलीट केलीत, की क्लाउडवरूनही ती जाते. रिसायकल बिनसारखी थोडे दिवस मुदत मिळते, बस्स.
* तीन-दोन-एकचा नियम पाळा. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी आणि त्यातली एक घराबाहेर. हार्ड डिस्क कायम जोडून ठेवू नका, नाहीतर व्हायरस तिलाही खातो.
* पासवर्ड आठवतोय? व्हॉट्सअॅपचा बॅकअप एन्क्रिप्ट केला असेल आणि पासवर्ड विसरलात, तर तो कुणीच उघडून देऊ शकत नाही.
* ऑफिसचं टॅली असेल, तर सीएकडे पेन ड्राइव्ह पाठवण्याआधी तो बॅकअप रिकाम्या पीसीवर रिस्टोर करा आणि शेवटचं व्हाउचर दिसतंय का बघा. योगायोग बघा, वर्ल्ड बॅकअप डेसुद्धा ३१ मार्चलाच असतो!

आणि काकांचं रेकॉर्डिंग? ५२ मिनिटांतली चार मिनिटं मिळाली. तेव्हा एका मैत्रिणीला ‘ऐक ना, कसले भारी बोलतात’ म्हणून व्हॉट्सअॅप केलेला तुकडा तिच्या फोनमध्ये तसाच होता. तो मी काकांच्या मुलीला दिला. बाकीचं काय झालं, तेही खरं खरं सांगितलं. ती रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं मलाच वाटलं.

ती चार मिनिटं आता तीन ठिकाणी आहेत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, मिसळ खाऊन आले की झोपायच्या आधी मी दुसऱ्या पीसीवर ती लावते आणि शेवटपर्यंत ऐकते. काका त्यात माळ्यावरच्या ट्रंकेबद्दलच सांगतायत.