मीटर कोणाचा, बिल कोणाचे?

विजेचे बिल एकाएकी वाढले की ‘मीटर पळतो’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मीटर तपासून घेतला आणि तो निर्दोष निघाला, की मग काय बोलावे ते सुचत नाही. पण मीटर बरोबर असणे आणि बिल बरोबर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्यापुढे आलेले आकडे शेजारच्या खोलीचेही असू शकतात.

वरळीच्या बीडीडी चाळींचे उदाहरण घेऊ. १९२० च्या दशकात बांधलेल्या या चाळी वरळीत १२१ होत्या. प्रत्येक चाळीत चार मजले मिळून ८० खोल्या आणि एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. दाटीच्या अशा वस्तीत अनेक मीटर एकाच फळीवर शेजारी शेजारी बसतात. पुनर्विकासामुळे येथील कुटुंबे संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. दर वेळी घर बदलले की खोली, मीटर आणि ग्राहक क्रमांक यांची जोडी नव्याने जुळवावी लागते. घोटाळा होतो तो या जोडीत.

तो दोन प्रकारे होतो. एक, तारांची अदलाबदल : आपल्या खोलीची तार शेजाऱ्याच्या मीटरला जोडली जाते. दोन, नोंदीची अदलाबदल : तारा बरोबर असतात, पण कागदोपत्री मीटर क्रमांक दुसऱ्याच ग्राहकापुढे लिहिला जातो. समजा, आपण महिन्याला ६० युनिट वीज वापरली आणि शेजाऱ्याने १४०. अदलाबदल झाली तर आपल्याला १४० चे बिल येईल, त्याला ६० चे. दोन्हींची बेरीज मात्र २०० च राहील. एकूण हिशेब जुळत असल्यामुळे ही चूक वरवर कोणाच्याच लक्षात येत नाही. शिवाय शेजाऱ्याने बिल थकवले तर वीज आपली तोडली जाण्याचा धोका असतो.

आता पडताळा कसा पाहायचा? प्रथम बिलावरचा मीटर क्रमांक प्रत्यक्ष मीटरवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. भाड्याच्या खोलीत बिल बहुधा मालकाच्या नावाने येते, म्हणून नुसत्या नावावर विसंबू नये. नंतर खोलीतला मेन स्विच बंद करावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. तो लुकलुकतच राहिला, तर त्या मीटरवर दुसऱ्या कोणाची वीज जात आहे. थांबला तरी लगेच निष्कर्ष काढू नये. कदाचित शेजारी गावाला गेला असेल! म्हणून मेन स्विच पुन्हा लावून १००० वॅटची इस्त्री सुरू करावी. दिवा भराभर लुकलुकू लागला, तर मीटर आपलाच.

येथे थोडे गणितही करता येते. १००० वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. मीटरवर ‘एका युनिटला ३२०० लुकलुक’ अशा अर्थाचा आकडा छापलेला असेल, तर मिनिटाला ३२०० ÷ ६० म्हणजे सुमारे ५३ वेळा दिवा लुकलुकेल. बाकी सर्व उपकरणे बंद हवीत आणि इस्त्री तापून आपोआप बंद होण्याआधी मोजणी उरकावी. आकडा थोडा कमी आला तर दचकू नये. इस्त्रीची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते : २३० ऐवजी २२० व्होल्ट दाब असेल, तर १००० वॅटची इस्त्री सुमारे ९१५ वॅटच घेते. मग मोजणी ४९ च्या आसपास येते.

एकाच मीटरवर दोन बिऱ्हाडे असतील तर आणखी एक गोष्ट घडते. विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. समजा, पहिल्या १०० युनिटांना ३ रुपये आणि पुढच्या युनिटांना ६ रुपये दर आहे. दोन कुटुंबांनी प्रत्येकी १०० युनिट वापरले, तर वेगळ्या मीटरांवर ३०० आणि ३०० मिळून ६०० रुपये होतात. एकाच मीटरवर मात्र ३०० अधिक ६०० म्हणजे ९०० रुपये! एकही युनिट जास्त न वापरता ३०० रुपयांचा भुर्दंड पडतो.

पडताळा पाहताना मीटरच्या सीलला किंवा तारांना हात लावू नये. आपले काम फक्त पाहण्याचे आणि मोजण्याचे. तारीख, वेळ, मीटर क्रमांक आणि रीडिंग लिहून ठेवावे आणि वीजपुरवठादाराकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद लागली नाही, तर २००३ च्या वीज कायद्यानुसार ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते. खोली भाड्याने घेताना आणि सोडताना मालकासमक्ष रीडिंग लिहून दोघांनी सह्या केल्या, तर पुढचे बरेच वाद टळतात.

शिक्षकांनी आठवी-नववीच्या मुलांना हा पडताळा घरच्या मोठ्या माणसांसोबत करायला सांगावा. पुस्तकातले युनिट म्हणजे काय ते त्यांना कळेलच, शिवाय एखाद्या घरचा चुकून दुसऱ्याच्या बिलात जाणारा पैसाही वाचेल.