दम्याचेही माप असते

1942 साली आचार्य नरेंद्र देव दम्याने जर्जर झाले असता गांधीजींनी त्यांना उपचारांसाठी सेवाग्राम आश्रमात ठेवून घेतले होते. पहिल्या सेकंदात किती श्वास बाहेर पडतो, हे मोजण्याची रीत फ्रान्सच्या तिफनो यांनी मांडली ती 1947 साली. त्याच सेवाग्रामात 1969 पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगी (मेघे) येथेही आहे. तरीही पेढीवरील खोकल्याला दमा म्हणावे की नाही, हे पुष्कळदा अंदाजानेच ठरते.

तोळामासा तोलून घेणाऱ्या कुटुंबांनी श्वासाच्या बाबतीत असा उधारीचा हिशेब का चालवावा? कॅनडात दम्याचे निदान झालेल्या 613 प्रौढांची पुन्हा काटेकोर तपासणी झाली. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 203 जणांना त्या वेळी दमा नसल्याचे आढळले. काहींच्या धापेचे मूळ हृदयविकारात निघाले. उलट, खरा दमा असूनही वर्षानुवर्षे केवळ खोकल्याचे औषध घेणारेही थोडे नसतात.

स्पायरोमेट्री ही तपासणी दिसायला साधी, पण करायला कष्टाची. नाकाला चिमटा लावून छातीभर श्वास घ्यायचा आणि नळीत सर्व जोर लावून, छाती रिकामी होईतो सोडायचा. असे किमान तीनदा. नंतर साल्ब्युटामॉल ओढायला देऊन सुमारे पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. पहिल्या सेकंदाचा श्वास 12 टक्क्यांनी आणि 200 मिलिलिटरनेही वाढला, तर दम्याच्या निदानाला बळ मिळते. 2 लिटरचे 2.3 लिटर झाले, तर वाढ 15 टक्के.

मात्र दमा येतो-जातो. बऱ्या दिवशी अहवाल निर्दोष आला म्हणून दमा नाहीच, असे समजणे ही मोठी गफलत. अशा वेळी पीक फ्लो मीटर ही स्वस्त, हातात मावणारी नळी उपयोगी पडते. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा वहीत मांडावा. रोजचा चढउतार सरासरी 10 टक्क्यांहून अधिक असेल, तर दम्याची शंका बळावते.

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी या कापसाच्या पट्ट्यात ही वही विशेष बोलकी ठरू शकते. जिनिंगमधील रुईची धूळ, गोदामातील धान्याची भुकटी यांमुळे आकडे कामाच्या दिवशी खाली व सुटीत वर जात असतील, तर दोष व्यवसायाच्या हवेत असू शकतो. कापसाच्या धुळीचा बिसिनोसिस हा निराळा आजार. त्यात साप्ताहिक सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती अधिक आवळते.

स्पायरोमेट्रीपूर्वी भरपेट जेवू नये. तात्पुरत्या आरामाचा पंप साधारण चार तास आधी थांबवतात, पण श्वास कोंडला तर तो घ्यावाच. इतर औषधे डॉक्टरांना विचारूनच बंद ठेवावीत. नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया अथवा हृदयविकाराचा झटका झाला असल्यास आधी सांगावे.

चौविहार पाळणाऱ्यांची एक अडचण डॉक्टरांच्या सहसा ध्यानी येत नाही. स्टिरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकावे लागते. त्यामुळे सायंकाळची मात्रा सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. पर्युषणात उपवासाच्या भरात पंप आपल्या मनाने बंद करणे मात्र धोक्याचे. दम्याचा तीव्र झटका जिवावर बेतू शकतो.